टाके आतल्या बाजूचे

४ फेब्रुवारी
झाले एकदाची हजर! हॉस्पिटल छोटंसं, पण ऑपरेशन थिएटर आरशासारखं लखलखीत. राहायला वरच खोली, मोठी खिडकी. मोठे डॉक्टर बाबांच्या वयाचे. म्हणाले, "पोटात एक आणि ओठात एक असलेली माणसं फार इथे, म्हणून सर्जन लागतो." मी खो खो हसले. आईला फोन केला, म्हटलं, तुझी लेक मार्गी लागली.

७ फेब्रुवारी
एक बस ड्रायव्हर आला. बेंबीच्या डावीकडे, जरा खाली दुखतं. वरून काहीच दिसत नाही. उभं करून खोकायला लावलं, सोनोग्राफी केली. स्नायूंच्या थरांत दडलेला स्पायजेलियन हर्निया! शिकताना एकदाच पाहिला होता. तोंड अरुंद, आतडं अडकून सडू शकतं, म्हणून ऑपरेशन करायलाच हवं. मोठे डॉक्टर म्हणाले, इथे हे नेहमीचंच. इतका दुर्मिळ आजार नेहमीचा कसा? मनात पाल चुकचुकली.

८ फेब्रुवारी
ऑपरेशन मी केलं. हर्नियाचं भोक कुणीतरी आधीच शिवलेलं. बारीक, सुबक टाके, थोडे उसवलेले. कातडीवर व्रण नाही. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, पोटाला कधी सुरी लागलेली नाही. आणि गाठी सगळ्या आतल्या बाजूला. बाहेरून तशा मारताच येत नाहीत. जाळी बसवून बंद केलं. मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली नाही.

१३ फेब्रुवारी
आज पोस्टातल्या बाई. तीच जागा, तसेच टाके. सिस्टरला खोदून विचारलं. म्हणाली, "मॅडम, आतलं आत राहू द्या." हा मोठ्या डॉक्टरांचाच उद्योग. लोकांना भूल देऊन काहीतरी करत असणार. आता त्यांच्या हातचा चहासुद्धा घेत नाही.

१५ फेब्रुवारी
तोंडावर विचारलं. त्यांनी नुसता शर्ट वर केला. तिथेच, डावीकडे, फुगलेलं. म्हणाले, "पोरी, मी कुणाला हात लावलेला नाही. आता माझंच बघ."

१६ फेब्रुवारी
त्यांचं पोट उघडलं. टाके ताजे. एक तर आमच्या डोळ्यांदेखत घट्ट झाला. सिस्टर किंचाळली. मी दोरा चिमट्यात धरला — पलीकडून ओढला कुणीतरी — मी कापून टाकला.

१७ फेब्रुवारी
मोठे डॉक्टर ठणठणीत. सोनोग्राफीत काही नाही. सिस्टर कामावर आलेली नाही. त्यांच्या पोटात ते नाही, तर मग — हात माझा होता आत. हातमोजा फाटलेला —

दुपारी
डाव्या कुशीत टोचलं. परत. त्याच्या शेजारी. सरळ रेषेत. खोकले तर आतून ओढ बसते — आता ते गाठ मारत —