कोपरे कोणाचे

३ फेब्रुवारी १९९१
रुख्मिणी भीमपूरला माहेरी गेली. सकाळच्या बसने, एक पिशवी घेऊन. भांडली नाही — भांडली असती तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी
चूक माझीच. परवा मावला गावच्या सुधाकररावांकडे कपाट पोचवलं. ते कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "जोड दिसतच नाई. कोन्या कारागिराचं काम हाय?" मी म्हणालो, "माझंच." रुख्मिणी शेजारी उभी होती.

प्लायवूडवर सागवानी विनियरचा पातळ पापुद्रा मी चिकटवतो, पण कडा आणि कोपरे बारा वर्षं तीच करते. एवढं सांगायला कमीपणा वाटला मला. लाज वाटते आता लिहितानाही.

९ फेब्रुवारी
शोकेसला हात घातला. कडेची पट्टी चिकटवली आणि लगेच कोपऱ्याशी बरोबर कापून टाकली. आज बघतो तर पट्टी वाळून आकसलेली, आतलं प्लायवूड उघडं.

ती पट्टी बोटभर जास्त ठेवायची. ब्लेड लावायची ती दुसऱ्या दिवशी. मीच तिच्या मागे लागायचो — "काऊन येवढा वेळ लावून राह्यली?"

१० फेब्रुवारी
पुन्हा कोपरा बिघडला! घासायचा रेजमाल खालून वर ओढला, विनियरचा पापुद्रा उचकटला. जेवलो नाही. फार आठवण येते तिची.

१७ फेब्रुवारी
भीमपूरला गेलो. सासूबाई ओट्यावर, रुख्मिणी आत. बाहेर आलीच नाही. दारातूनच म्हणालो, "कोपरे जमत नाईत मले. घरी चाल."

आतून म्हणाली, "कोपऱ्यासाठी आले का?"

चुकलो म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो, बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडलो.

१८ फेब्रुवारी
मावल्याला जाऊन सुधाकररावांना सांगितलं — कोपरे माझ्या बायकोचे. ते म्हणाले, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

आता रविवारी तिला हे सांगतो. सगळं सांगतो.

२३ फेब्रुवारी
उद्या जायचं. दाढी केली.

२४ फेब्रुवारी
बस धरायच्या आधीच रुख्मिणीचा भाऊ उत्तमराव दारात. म्हणाला, "ताई बेल्लमपल्लीले गेली. फर्निचरच्या दुकानात कोपरे करते. गिऱ्हाईक आलं का मालक तिचं नाव सांगते."

कधी येणार, विचारलं.

"येनार नाई म्हनते, दाजी."