फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मागची सीट

२ फेब्रुवारी, रविवार

स्कूटर धुतली. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्यासारखी स्कूटर कोणी धूत नाही. लोक नुसतं पाणी मारतात आणि मोकळे होतात. मी आधी सायलेन्सरच्या तोंडात हाताला लागेल ते फडकं कोंबतो, म्हणजे पाणी आत जात नाही. या वेळी बोटाने चांगलं आतपर्यंत ढकललं. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाची नजर बारीक असते, त्याला काय करणार?

३ फेब्रुवारी, सोमवार

स्कूटर चढावर बसली.

रोजच्यासारखा हिला टेकडीवरच्या ग्रंथालयात कामावर सोडायला निघालो होतो. अर्ध्या चढावर इंजिन गुरगुरलं, धापा टाकायला लागलं. ही उतरून चालायला लागली. मी शेजारून चालवत होतो. वर ही आधी पोचली.

स्कूटर खरं तर ही माझ्याआधी शिकली. पण लग्नापासून मीच चालवतो. मला रस्त्याचा अंदाज जास्त आहे.

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर बरंच वाचलं. रोगाचं निदान झालं. कंपन्या मुद्दाम बारीक सायलेन्सर लावून इंजिनाचा गळा आवळतात. श्वासच घेता आला नाही तर गाडी चढणार कशी? बिचारी.

संध्याकाळी हिने विचारलं, ओट्यावरचं पिवळं फडकं कुठे दिसलं का. मी म्हटलं, माझ्या डोक्यात इथे इंजिनाचे विचार चालू आहेत आणि तुला फडक्याचं पडलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज चढावर डॉक्टरीणबाईंनी गाडी थांबवली. या आमच्याच जिन्यातल्या, दातांच्या. हिला म्हणाल्या, अहो चालताय काय, बसा की. ही बसली. काच खाली करून मला हात केला. गाडी गेली. मी आणि स्कूटर तिथेच.

एक गोष्ट कुठे बोललेलो नाही, इथे लिहून ठेवतो. घरी ही पुस्तकांना कव्हरं घालत बसते आणि मी फोन बघतो. आमचं बोलणं होतं ते सकाळी स्कूटरवरच. ही मागून डाव्या कानात सगळं सांगते. कोण वाचक कुठलं पान फाडून गेला, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं. मला ते फार आवडतं.

संकल्प : काहीही झालं तरी मागची सीट पुन्हा भरलेली दिसली पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

काम फत्ते.

स्टेशनमागच्या गल्लीत एकाचं सायलेन्सर बदलून द्यायचं दुकान आहे. त्याला सगळे रॉकेट म्हणतात. त्याची स्वतःची स्कूटर दारात विटांवर उभी होती, पुढचं चाक नव्हतं. मोठ्या माणसांना स्वतःकडे बघायला वेळ नसतो.

त्याने माझ्या सायलेन्सरवर पाना आपटला आणि म्हणाला, साहेब, हा सायलेन्सर नाही, डबा आहे. मग एक चकचकीत आखूड नळकांडं काढलं. फ्री-फ्लो. मी विचारलं, पॉवर नक्की किती वाढते? तो म्हणाला, ऐकाच. तसंच एक दुसऱ्या कोणाच्या गाडीला लावलेलं होतं, ती सुरू केली. आम्ही दोघांनी डोळे मिटून ऐकलं. मग एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. एवढा आवाज उगाच येत नाही.

कार्ब्युरेटरचं सेटिंगही बदलायला लागेल म्हणाला, पण ते पुढच्या शनिवारी.

जुना डबा घरी आणला. गॅलरीत कुंडीमागे ठेवलाय, आठवण म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

ट्रायल. एकटाच गेलो. स्कूटर सबंध चढ चढली! कुठेही थांबली नाही. पूर्वीपेक्षा किंचित हळू वाटली, पण तो भास असणार, कारण आवाज भयंकर वेगाचा होता. मध्ये मध्ये फटाफट बारही निघतात. रॉकेटने सांगितलं होतं, रेसच्या गाड्यांचं असंच असतं.

खाली परतलो तेव्हा उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे अलार्म आपोआप वाजले. वरच्या मजल्यावरचे आजोबा खास गॅलरीत आले आणि म्हणाले, वा, तुमची गाडी आज पहिल्यांदाच ऐकू आली. आजोबांना कानाचं यंत्र लावूनही धड ऐकू येत नाही. त्यांच्या तोंडून असं कौतुक म्हणजे चेष्टा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिला खाली बोलावून स्कूटर सुरू केली. हिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी सगळी माहिती दिली. श्वास, गळा, फ्री-फ्लो वगैरे. ही म्हणाली, काय? मी पुन्हा सांगितलं. ही पुन्हा म्हणाली, काय? शेवटी बसली बिचारी.

चढ चढलो. मागे ही बसलेली असताना. मला इतका आनंद झाला की काय सांगू! वाटेत ही डाव्या कानात बरंच काही बोलत होती. एक अक्षर कळलं नाही, पण बोलत होती हे महत्त्वाचं. मी हो हो म्हणत राहिलो.

वर पोचल्यावर कळलं की हिचा भाऊ महिनाभर आपल्याकडे राहायला यायला मी हसत हसत होकार दिलाय.

ग्रंथालयाच्या सगळ्या खिडक्यांत वाचक उभे होते. शिपायाने मला 'शांतता राखा'ची पाटी बोटाने दाखवली, जणू मला वाचता येत नाही.

११ फेब्रुवारी

हिची अट : सोडायचं तर चढाच्या खाली सोडायचं, वर आणायचं नाही. म्हणजे चढ ही पुन्हा चालत चढणार. पण पूर्वी नाइलाजाने चढत होती, आता स्वतःच्या मर्जीने. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही.

चढाच्या खाली डॉक्टरीणबाई गाडी घेऊन उभ्याच होत्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बिल्डिंगच्या फळ्यावर नोटीस लागली. आवाज करणाऱ्या वाहनांबद्दल. कोणाचंही नाव घेतलेलं नाही, फक्त माझ्या स्कूटरचा नंबर आहे.

आजपासून स्कूटर फाटकापर्यंत ढकलत न्यायची ठरवलं. नोटिशीला भिऊन नाही. व्यायाम हवाच होता. पेट्रोलही जास्त पितेय, पण मोकळा श्वास घेणाऱ्याला भूक लागणारच.

ही हल्ली घरूनच डॉक्टरीणबाईंबरोबर जाते.

१४ फेब्रुवारी

जिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझं अभिनंदन केलं. मला वाटलं, स्कूटरबद्दल. म्हटलं, अहो विशेष काही नाही, नुसतं नळकांडं बदललं. त्यांनी विचारलं, कसलं नळकांडं?

अभिनंदन हिच्याबद्दल होतं. पहिल्या तारखेपासून ही टेकडीवरच्या ग्रंथालयाची प्रमुख होणार. इतकी वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली ती.

वर जाऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, सांगितलं की सोमवारी, स्कूटरवर. सगळ्यात आधी तुम्हालाच. मी विचारलं, मग मी काय म्हणालो? ही म्हणाली, तुम्ही म्हणालात, हो हो, बघू पुढच्या महिन्यात.

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. पुस्तकाला कव्हर घालत राहिली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुकानात एका बाईंना दूरच्याऐवजी जवळचा चष्मा दिला.

अर्थात दोष सायलेन्सरचा नाही. सेटिंग राहिलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रॉकेटकडे गेलो. सेटिंगसाठीच गेलो होतो. त्याने पुन्हा स्कूटर सुरू केली, डोळे मिटले, आणि म्हणाला, ऐका साहेब. मी ऐकलं. एवढ्या आवाजात हिचं बोलणं कधीच ऐकू येणार नाही.

त्याला सांगितलं, उद्या जुना डबा आणतो, परत लाव. तो म्हणाला, साहेब, मागे जाताय. मी म्हटलं, तात्पुरतं. फ्री-फ्लोला थोडी विश्रांती.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुना सायलेन्सर ही कुंडीमागून काढायला गेली. बराच वेळ आली नाही. मग मला स्वयंपाकघरातला चिमटा आणायला सांगितला.

सायलेन्सरच्या तोंडातून एक पिवळा धागा डोकावत होता. हिने चिमट्याने धरून ओढला. धाग्यामागे एक टोक आलं, टोकामागे काळं कुळकुळीत काहीतरी निघतच राहिलं. शेवटी सबंध बाहेर आलं ते हिने जमिनीवर पसरलं. ओट्यावरचं फडकं. एक कोपरा अजून पिवळा होता.

मी म्हटलं, बघ, कंपन्या आत काय काय कोंबतात. हिने कडेची लाल शिवण दाखवली. ती हिने स्वतः घातलेली आहे.

मग ही हसायला लागली. भिंतीला टेकून हसली, खाली बसून हसली, डोळे पुसून पुन्हा हसली. मी बराच वेळ तत्त्वावर ठाम राहिलो. नंतर मलाही आवरेना.

दुपारी रॉकेटने डबा परत बसवला. आवाज काहीच आला नाही. तो म्हणाला, बघा, मेली गाडी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी स्कूटरची किल्ली खुंटीवर नव्हती. खाली गेलो तर ही स्कूटर सुरू करून बसलेली, पुढे. म्हणाली, बसा, उशीर होतोय.

चढ लागला. मी उतरायच्या तयारीत होतो. तशी वेळच आली नाही. ही बोलत होती. नव्या खुर्चीबद्दल, ती किती दिवस कुरकुरते त्याबद्दल, पहिल्या दिवशी शिपायाला काय सांगणार त्याबद्दल. अगदी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. शब्दन् शब्द ऐकू आला.

संकल्प पूर्ण झाला. मागची सीट भरली. तिच्यावर आता मी बसतो.