सांगलीला एकच जाईल

४ जून ७३
दादाचा निकाल. बी.एस्सी. पहिलं वर्ष, पुन्हा नापास. फिजिक्स, केमिस्ट्री दोन्ही. सांगलीहून आला, ओट्यावर ट्रंक आपटली, म्हणाला पेपरच वाकडे होते. दिवाळीत त्याच्या पुस्तकातली गणितं मी सोडवली, तेव्हा सरळ होती. आबांनी चहा घेतला नाही. पलटणीतून पेन्शनवर आल्यापासून त्यांनी चहा नाकारलेला पाहिला नव्हता.
मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

७ जून
माझा निकाल. बी.ए. पहिलं वर्ष, सेकंड क्लास. घरात कुणी विचारलं नाही. जेवताना सांगून टाकलं, मला सायन्सला जायचंय. पुन्हा पी.डी.पासून, म्हणजे अकरावीनंतरच्या पहिल्या वर्षापासून करावं लागेल, दोन वर्षं पाण्यात जातील, जाऊ देत. अकरावीला गणित-सायन्सात मार्क माझे जास्त. तरी तो सांगलीला, आणि मी साताऱ्यात इतिहास घेऊन.
आबा आधी हसले. मग, "थोरल्याला झेपलं न्हाई, तुला काय झेपणार हाय?"
म्हटलं, त्याला झेपलं नाही म्हणून मलाही नाही, हा कुठला न्याय? ताट सरकवून उठले. आई म्हणाली, बी.एस्सी. होईतो बावीस लागतील, मग स्थळं कोण आणणार.

११ जून, सांगली
मामीच्या बाळाचं बारसं, तेवढंच निमित्त. कुणाला न सांगता दादाच्या कॉलेजात गेले. केमिस्ट्रीच्या सरांनी उभंच ठेवलं. आर्ट्सच्या मुलींना जूनमध्ये असलं काहीतरी सुचतं म्हणे. सायन्स कशाला हवंय, विचारलं.
गॅदरिंगला आले होते तेव्हा दादानं लॅब दाखवली होती. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत होता. किती तरी वेळ काहीच नाही, आणि एका थेंबाला खालचं सगळं पाणी गुलाबी. आधीच्या थेंबाला का नाही? वर्षभर तेच डोक्यात. सांगितलं, अडखळत.
"गुलाबी रंग चार दिवसांत उतरतो," सर म्हणाले. जागा आहे, पण वीस तारखेपर्यंत वडिलांना घेऊन या.
रडले नाही. मनात शिव्या दिल्या, दादाच्या तोंडी असतात त्या.

१४ जून
घरी. सरांना भेटले, जागा आहे, वीसपर्यंत आबांना यायला हवं, सगळं सांगून टाकलं. दादाकडं पुस्तकं मागितली. त्यानं अंगणात भिरकावली. "घे. बुकं घे, जागा घे, माझं नावबी लाव." फिजिक्सची शिवण उसवली.
त्याला परत सांगलीच हवी. अभ्यासाला नव्हे. खोलीवरचे मित्र, संध्याकाळी कृष्णेचा घाट, विचारणारं कुणी नाही. आणि आबांनी आज जाहीर केलं, पेन्शनीत दोघांचा खर्च भागत नाही, सांगलीला एकच जाईल. दुसऱ्यानं इथं राहायचं. म्हणजे माझं भांडण आबांशी होतं, ते आता त्याच्याशी लावून दिलं. छान.

१७ जून
आई म्हणाली, "भावाच्या ताटातलं वढून खातीस." ताट त्यानंच लाथाडलं, हे ओठावर आलं, गिळलं. दिवसभर जळतंय.
दुपारी बियाण्याच्या शेंगा फोडत होते. दादा पास झाला असता तर मी मागितलं असतं का? मला तो थेंब हवाय, की त्याची जागा? इतिहासही काही वाईट नाही. कॉलेजातल्या बाई तर म्हणतात, स्पेशलला हाच विषय घे. पण त्यांच्या तासाला बसले की तो थेंबच डोळ्यांपुढं येतो.
ठरत नाही. राग तेवढा पक्का आहे.

१९ जून
दिवेलागणीला आबांनी दोघांना समोर बसवलं. "उद्या सकाळच्या गाडीनं मी सांगलीला जानार. संगं एकजण. कोण ते सकाळीच सांगीन."
दादा म्हणाला, यंदा पास होईन. आवाज एवढुसा. कीव यायला हवी होती, आली नाही. उलट त्याच्या तोंडावर म्हणाले, "आबा, तो परत नापास होईल. मी होणार नाही."
आबांनी माझ्याकडं पाहिलं, परक्या माणसाकडं पाहावं तसं.
आई उद्याच्या भाकरी करतेय. दोघांच्या. आबांची एक शिदोरी, दुसरी कुणाची म्हणून विचारलं. "जाईल त्याची," म्हणाली, मागं वळली नाही.
माझी पिशवी भरून झाली. पलीकडं दादा ट्रंक भरतोय, तिच्या कड्या वाजतायत. आबांनी त्याचं नाव घेतलं तरी मी ही पिशवी रिकामी करणार नाही.