‘येते’ म्हणायचं राहून गेलं

३ मार्च, सोमवार

अकरा दिवस! अकरा दिवस चाललेलं गणित मी एका झटक्यात मारलं. दोन बोटं लागली — एक कंट्रोलवर, एक सीवर.

नीट लिहिते. आमच्या मोठ्या मशीनवर प्रत्येकाचं काम वेगळ्या कंटेनरमध्ये चालतं. ऑफिसात आम्ही त्याला डबा म्हणतो. ब्राउझरमधून चालू डब्याला आपला पडदा जोडला की आत काय चाललंय ते दिसतं. सुटताना कंट्रोल धरून आधी पी, मग क्यू. म्हणजे आपण बाहेर, डबा चालूच. पण सवयीने कंट्रोल-सी दाबलं, तर ते थेट आतल्या कामाला जाऊन लागतं आणि कामच बंद पडतं. हे सगळ्यांना शिकवणारी कोण? मीच! ‘निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. पी-क्यू म्हणजे येते. सी म्हणजे जाते — आणि ते डब्यालाही बरोबर घेऊन जातं!’ लोक दर वेळी हसतात. मीही हसते.

दुपारी जेवून आले आणि पाणीवालीच्या डब्याला जोडून घेतलं. पाणीवाली म्हणजे आमची संशोधक, जमिनीखालचं पाणी कुठून कुठे सरकतं याचं गणित मांडते. मला कुणी बघायला सांगितलं नव्हतं. नोंदी बाहेरूनही वाचता आल्या असत्या. पण नाही, आत डोकवायचं होतं! काम जवळजवळ संपत आलं होतं. निघताना कंट्रोल-पी दाबलं, तर ब्राउझरने प्रिंटची खिडकी उघडली. बंद केली. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच खिडकी. वैतागले, आणि पंधरा वर्षांची सवय — सी.

पडदा बंद करून चहा आणायला गेले. चहा! कुणाला काही बोलले नाही.

४ मार्च

सकाळी साडेनऊलाच पाणीवाली माझ्या टेबलाशी. ‘मॅडम, माझं गणित थांबलंय हो.’ आवाज पार बसलेला. आणि मी काय विचारावं? ‘मधे मधे साठवून ठेवलं नव्हतंस का?’ उलट तिलाच! चौदा तारखेला तिला समितीपुढे निकाल मांडायचे आहेत. आज पुन्हा सुरू केलं तर पंधराला संपेल. एका दिवसाने हुकलं.

काय झालं ते शोधायचं काम साहेबांनी कुणाला द्यावं? मला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वर स्वतःच म्हणाले, ‘काल दुपारी वायरमनकाका मशीनच्या खोलीत बॅटरी बदलत होते ना? हललं असेल काहीतरी.’

‘बघते,’ म्हणाले मी.

५ मार्च

बघण्यासारखं काही नाहीच. त्या मशीनवरचे बाकीचे सहा डबे अजून चालू आहेत. वीज गेली असती तर सातही पडले असते. हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाणीवालीच्या डब्यापुढे १३० हा आकडा उमटलाय — म्हणजे कुणीतरी कळ दाबून थांबवलं. आमच्याकडे तो आकडा वाचता येणारी मी एकटीच.

रिपोर्टात लिहिलं : ‘वीजपुरवठ्यात क्षणभर खंड पडला असू शकतो.’ खोटं नाही ना लिहिलं? असू शकतो म्हटलंय नुसतं. पंधरा वर्षांत एवढं हलकट वाक्य मी लिहिलं नव्हतं.

६ मार्च

असू शकतो. असू शकतो. जेवताना, भांडी घासताना, सगळीकडे तेच.

७ मार्च

काकांना केबिनमध्ये बोलावलं होतं. काचेतून दिसत होतं सगळं. ते उभेच होते. साहेबांनी बसा म्हटलेलं दिसलं नाही. छत्तीस वर्षं झाली त्यांना या इमारतीत. एकेका तारेला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी बांधलेली असते — ‘हिला हात लावू नका’, ‘ही चालू आहे, भोळी दिसते पण नाही’.

बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. मशीनच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. ‘ताई, तुमच्याकडे द्यायला सांगितलीय.’

‘काय म्हणाले साहेब?’ हे मी विचारलं! निर्लज्जपणाला काही सीमा?

‘काही नाही. तीनच महिने राहिलेत, आता घरी विश्रांती घ्या म्हणाले.’ मग क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘जातो.’

रोज जिन्याशी थांबून ‘येतो हं ताई’ म्हणणारा माणूस! आज जातो म्हणाला. त्यांना कळलंय. स्वतःची चूक नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, मग उरलं कोण? त्या बघण्याने मला आतून सोलून काढलं.

९ मार्च, रविवार

सकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ म्हणाला. ‘तीन महिन्यांनी घरी बसणारच होते की ते. निवांत झाले बिचारे. तू जिवाला लावून घेऊ नकोस. आणि भाजीत मीठ दोनदा घालू नकोस, काल तोंडात धरवत नव्हती.’

हसले मी. दहा मिनिटं खरंच हलकं वाटलं. त्या दहा मिनिटांची लाज बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटतेय.

११ मार्च

पाणीवाली आली होती. समितीने तिचा विषय पुढच्या वर्षावर टाकला. रडली नाही. जाता जाता म्हणाली, ‘मॅडम, निदान कारण तरी शोधलंत तुम्ही. नाहीतर मी स्वतःलाच दोष देत बसले असते. थँक यू.’

थँक यू! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, ते आज कळलं.

१२ मार्च

सांगायचंच ठरवून केबिनपर्यंत गेले. स्टेपलर मागून परत आले.

१३ मार्च

दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या तिघांना डब्यांचं काम शिकवायचं होतं. जोडायचं कसं, ते दाखवलं. सुटायचं कसं, तिथे आले, आणि तो विनोद तोंडातून फुटेचना. नुसतं ‘पी, मग क्यू’ म्हणाले. त्यातल्या एकाने विचारलं, ‘आणि चुकून सी दाबलं तर? काय होईल फार तर?’

तिघंही वह्या उघडून बसले होते. मी म्हणाले, ‘लगेच सांगायचं. ज्याचा डबा आहे त्याला त्याच मिनिटाला जाऊन सांगायचं.’ त्यांनी ते लिहून घेतलं.

१४ मार्च

सांगितलं. आधी पाणीवालीला. ती म्हणाली, ‘त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी लगेच पुन्हा सुरू केलं असतं आणि समितीकडून थोडे तास मागून घेतले असते.’ एवढंच. मॅडम म्हणाली नाही.

मग साहेब. १३०चा आकडा त्यांच्यापुढे ठेवला. ते कपाळ चोळत म्हणाले, ‘अहो, मिटलंय ना आता? कशाला उकरून काढताय?’ मी म्हणाले, मला रिपोर्ट बदलून हवाय, खाली माझ्या सहीने, आणि काकांना सन्मानाने परत बोलवा. कुरकुरले, पण घेतला कागद. ‘काकांना फोन करतो’ म्हणाले. मी नको म्हटलं. हे फोनवर सांगायचं नाही. उद्या मीच त्यांच्या घरी जाऊन सांगणार. ते बोल बोल बोलतील. बोलू देत. त्यांनी नाही बोलायचं तर कुणी!

१५ मार्च, शनिवार

दार त्यांच्या बायकोने उघडलं. आत कुणी अनोळखी माणूस शिडीवर चढून दिवा बदलत होता. काका खाली खुर्चीत बसून बघत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. ‘ताई, त्या दिवशी बॅटरीची तार लावताना हात जरा थरथरला होता माझा,’ म्हणाले. ‘मी धरून चाललो, माझंच चुकलं. तेव्हापासून कशाला हात लावायची भीतीच बसली.’ माझा संशय त्यांना कधी आलाच नव्हता.

‘म्हणजे तार मी बरोबर लावली होती?’ हे त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. मग वर बघून त्या माणसाला म्हणाले, ‘उतरा खाली. मी लावतो.’

शिडी धरायला मी पुढे झाले.

‘राहू द्या ताई,’ ते म्हणाले. ‘ही धरेल.’