बोंबलाचा धडा

मीरा रोड,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

ॲशली,

शुक्रवारी, २४ तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझ्या सॉफ्टवेअरने मला वर्गाबाहेर काढलं. कॉन्व्हेंटमध्ये एकाही सिस्टरची तशी हिंमत झाली नव्हती. तू बरा असशील असं धरून चालते.

शेजारची हेमाली फर्स्ट इयरला आहे. तिच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स आता मोबाइलमधला मास्तर शिकवतो. तिने तो मला दाखवायला म्हणून लावला आणि माझ्या स्वयंपाकघरात तुझे डॅडी बोलायला लागले. जाऊन दोन वर्षं झालेला माणूस! त्यांची लॉकडाऊनमधली लेक्चर्स तू यंत्रात घातलीस आणि मला सांगायची तसदी घेतली नाहीस. आम्ही शेजारणीची पेन्सिलसुद्धा विचारून घ्यायचो.

धडा संधी खर्चाचा. "समजा, तारोडी गावच्या बाईने ताजा बोंबील आजच विकला. तिने काय गमावलं?" 'समजा'च्या आधीचा खोकलाही तोच. उत्तर मला ठाऊक होतं: वलांडीच्या बांबूंवर सुकवून विकला असता तर मिळाला असता तो भाव. मी मुद्दाम चुकीचं दाबलं.

"हरकत नाही," ते म्हणाले, "पुन्हा बघू."

अख्ख्या संसारात मला कधी 'हरकत नाही' म्हणाले नव्हते.

मग मी रोज दुपारी हेमालीचा फोन मागून घ्यायची आणि चुकायची.

शुक्रवारी ती रडकुंडीला आली. "आंटी, बस करो ना! तुमच्यामुळे कॉलेज मला ढ मुलांच्या वर्गात बसवतंय!" तिने फोन ओढून घेतला, सगळी उत्तरं बरोबर दिली. डॅडी म्हणाले, "शाब्बास. आता तुला माझी गरज नाही." धडा बंद. पुन्हा उघडत नाही.

हॉस्पिटलात त्यांना माझा निरोप घेता आला नव्हता. तोंडात नळी होती.

हेमाली म्हणते, सॉफ्टवेअर त्यांच्या आवाजात नवी वाक्यंही बनवतं. म्हणून विचारते. 'आता तुला माझी गरज नाही' हे डॅडी कधीतरी खरंच बोलले होते, की तू लिहिलंस?

येत्या रविवारी, दोन तारखेला, ऑल सोल्स. संध्याकाळी पाचला मी त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला उत्तनला जाणार. त्याआधी मला लेखी उत्तर पाहिजे. तुझं जेसल पार्क काही परदेशात नाही, स्वतः आणून दे. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखा येतो, आणि मग मला भांडता येत नाही.

तुझी,
ममा