मानखुर्दहून जेवून आलीस तेव्हा

पणजी, तू मला आठवतेस ती बहुतेक वेळा मोरीत बसलेली. पाय लांब पसरलेले, लुगडं वर खोचलेलं आणि नडग्यांवर पालथं घातलेलं कुणाचं तरी तान्हं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आपल्या दोन खोल्यांत तुझे मुलगे, सुना, नातवंडं, पतवंडं मिळून नक्की किती माणसं राहायची हे कुणालाच सांगता आलं नसतं. गावाहून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. पण त्या घरातलं एकही पोर तुझ्या पायांवर न्हायल्याशिवाय मोठं झालं नाही. ते रडायला लागलं की तू खेकसायचीस, "गप रे मेल्या, राजाचो झिल काय तू?" आणि कपाळाला हाताचा आडोसा करून असं पाणी ओतायचीस की डोळ्यांत थेंब जात नसे.

मी आठ वर्षांची असताना आत्यानं लग्न केलं. ती हॉस्पिटलात नर्स होती, नवरा तिथेच एक्स-रे काढायचा. तो बौद्ध, मानखुर्दला राहणारा. आजोबांची, म्हणजे तुझ्या थोरल्या मुलाची, गिरणी संपात बंद पडली होती. दिवसभर खाटेवर बसून असायचे. त्यांचं ऐकेल असं आता घराबाहेर कुणी उरलं नव्हतं, म्हणून घरात ते अधिकच कडक झाले. "तिचं नाव या घरात काढायचं नाही," ते म्हणाले आणि कुणी काढलं नाही. तूसुद्धा नाही. माझ्या वेण्या आत्या घालायची, त्या आई घालायला लागली. मग वर्षभरानं बाबांनी एकदा हळूच तुझ्या कानात सांगितलं, तिला सातवा महिना लागलाय. कुठली बस जाते तेही सांगितलं. स्वतः जायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

"डोळे दाखवूक जातंय," असं आजोबांना सांगून तू मला बरोबर घेतलंस. बसवरची पाटी वाचायला कुणीतरी हवं होतं.

आत्या दार उघडते आणि तशीच उभी राहते. तू तिच्या पोटाकडे बघतेस. "पोटुशी आसस आणि माका कळवूक नको?" एवढंच. ती तुझ्या खांद्यावर डोकं टेकून रडते. तिची सासू चहा करून आणते, पण कपबशी हातात धरून मध्येच थांबते. "आजी, आमच्याकडचं चालंल ना तुम्हाला?" ती विचारते. तू हात पुढे करतेस. "चाय निवता ती. हाड हंय." तिला तुझी बोली कळत नाही, हात मात्र कळतो. चहा पिऊन झाल्यावर तू म्हणतेस, "दुपार झाली. जेवक घालशात मां?" त्या दिवशी त्या घरात घाईघाईनं सुकट निवडली गेली.

संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "डाक्टर काय म्हणालो?" तू पायावर पाणी घेत म्हणालीस, "डोळे बरे आसत. नातीक बघून इलंय. थंयच जेवलंय." आजोबा म्हणाले, "आये, मगे आजपासून तुजां ताट वेगळां." मला वाटलं आता तू ओरडशील. "बरां," तू म्हणालीस आणि त्या रात्री ताट घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन बसलीस.

दुसऱ्या दिवशी आई तिचं ताट घेऊन तुझ्याजवळ येऊन बसली. "आत उकडतं," म्हणाली. मग काकीलाही उकडायला लागलं. मग आम्हा पोरांना. बाबा सगळ्यात शेवटी आले, मान खाली घालून. त्या रविवारी आख्खं घर गॅलरीत जेवत होतं आणि आतून आजोबा मिठासाठी हाका मारत होते. शेवटी तेच मीठ घ्यायला आले आणि उंबऱ्यावरच टेकले, अर्धे आत, अर्धे बाहेर. तू त्यांच्या भाताला मीठ लावलंस.

ते मानखुर्दला कधीच गेले नाहीत. पण आत्या बाळाला घेऊन आली तेव्हा तू त्याला मोरीत न्हाऊ घातलंस आणि आजोबा, कुणाकडेही न बघता, म्हणाले, "ह्या खाटेवर निजवा. फॅन हंयच लागता." आणि स्वतः भिंतीकडे सरकले.

आमच्याकडे लग्नाकार्यात हे सगळं अजून सांगितलं जातं. म्हातारी कुणाला भ्यायली नाही, म्हणतात. आत्याही म्हणते. मी मान हलवते. बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तू भिंतीला हात टेकून बराच वेळ उभी होतीस, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. "परत जावया काय गो?" तू मला विचारलंस, अगदी हळू. मी म्हणाले, "पणजी, मला तहान लागलीय." तू पदरानं तोंड पुसलंस आणि चालायला लागलीस.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, हे आत्याला नेऊन वाचून दाखवावं. आता वाटतं, राहू दे. तुला मात्र सांगते. तहान मला मुळीच लागली नव्हती. मला आत्या हवी होती.