सखारामचे हात

४ ऑक्टोबर
फोन आजही चेहरा ओळखेना. तीनदा धरला, शेवटी आकडे टाकून उघडला. जहाजावरून उतरून दोन महिने झाले. तिथे आरसा बघायला सवड नसायची. कपाळाला आडव्या वळ्या पडल्यात. मी चोवीसचा. आई म्हणते, झोप नीट घे. घोटे सुजलेले, तळहाताला एवढा घाम की हे पान ओलं होतंय. परत जहाजावर जायच्या आधी मेडिकल. बघू.

९ ऑक्टो.
जेटीवर बांगडे घेतले. म्हातारी मासेवाली पिशवी देता देता थांबली. माझी बोटं बघत राहिली. टोकं गोल, जाड, नखं फुगीर.
"तू सख्याचा कोन रं?"
कुठला सख्या? तिने पिशवी फळीवर ठेवली. हातात दिली नाही.

१० ऑक्टो.
आईने शेवटी सांगितलं. सखाराम तिचा काका. बाबांचा मामाही तोच, कारण बाबांनी मामाची मुलगी केली. तरणाताठा होता, मग तोंड बदलत गेलं. हातपाय सुजले. बाधा म्हणून अंगारे लावले, शेवटी पडवीतल्या खोलीत ठेवला.
"भिंत धरून चालायचा. भिंतीवर ओले पंजे दिसायचे. वाळले की परत."
मी उठलो. लादीवर माझा पंजा उमटला होता. आईने तो पायाने पुसला, माझ्याकडे न बघता.

१७ ऑक्टो.
डॉक्टरबाईंकडे. एक्स-रेत पायाची हाडं जाड झालेली. हृदय, फुप्फुस ठीक. "आईवडील नात्यातले?" हो म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. रक्त तपासायला मुंबईला. सखारामचंही सांगितलं. हसल्या नाहीत.

१२ नोव्हें.
रिपोर्ट आला. बाधा नाही, जीन.
बाई म्हणाल्या, "शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ असतो. एक एन्झाइम तो बनवतं, दुसरं मोडतं. तुझा मोडणाऱ्या एन्झाइमचा जीन बिघडलाय. आईकडून आलेला आणि वडिलांकडून आलेला, दोन्ही. म्हणून तो साचतो. हाडं, कातडी, घाम, सगळं त्यातूनच."
मोडणारं दुरुस्त होत नाही. गोळी त्या बनवणाऱ्या एन्झाइमला दाबते. पोट, मूत्रपिंड, हृदय सांभाळून घ्यायची.
"चेहरा परत येईल?"
"आहे तिथे थांबेल कदाचित."
निघताना विचारलं, घरात लहान मूल आहे का? टाळू भरायला उशीर, हृदयाजवळची जन्मानंतर मिटायची नळी उघडी, असं असू शकतं.
ताई. आत्याच्याच मुलाला दिलेली, चिपळूणला. तिची चिमी दोन वर्षांची.

२० नोव्हें.
गोळीचा आठवा दिवस. उठलो तर हात कोरडे. ठणकाही नाही. आनंद व्हायला हवा होता. तळवे एकमेकांवर घासून बघितले, दुसऱ्या कुणाचे तरी वाटले.

२४ नोव्हें.
ताई आली. चिमीच्या डोक्याला तेल लावत होती. मधोमध तेल साचतं आणि त्यात ठोका दिसतो. वर, खाली. आई कौतुकाने म्हणाली, "याचीही टाळू चार वर्षं भरली नव्हती." मी उठून अंगणात गेलो. चिमी मागून आली, माझं बोट धरलं. तिची मूठ त्या टोकाभोवती मिटेना. तिची नखं बघितली. ठीक आहेत. वाटतात तरी.

२५ नोव्हें.
सांगितलं. ताईने ऐकलं, चिमीला टोपी घातली, हनुवटीखाली बंद बांधले.
"माझ्या पोरीला सख्या म्हणतोस?"
दुपारच्या एसटीने गेली. आईने जेवायला वाढलं.

२९ नोव्हें.
ताईचा फोन.
"चालली की दम लागतो तिला. मला वाटायचं, उचलून घ्यावं म्हणून करते." मग, "तुला दुखतं का रे?"
"गोळीने नाही."
"आधी?"
"खूप," म्हटलं.
उद्या येते म्हणाली, आत्याला न सांगता. मुंबईत मेडिकलही उद्याच आहे. पुढे ढकला म्हणून कळवलं. कंपनीकडून उत्तर नाही.

३० नोव्हें.
दवाखान्याच्या बाकावर. ताई चिमीला घेऊन आत गेलीय. चिमीचं रडणं इथपर्यंत येत होतं. मग बाई म्हणाल्या, "गप्प कर तिला जरा, ठोके नीट ऐकू दे."
आता आवाज नाही. एवढं किती वेळ ऐकतात?